आगरातल्या चार पेट्या: दोन जोरात, दोन हलक्या

गुहागर तालुक्यातल्या एका किनाऱ्यालगतच्या गावातलं हे प्रकरण. घरामागे माड-पोफळींचं आगर, त्याच्या वर कातळाच्या कडेने काजू आणि हापूसची कलमं. आगर संपून कलमं सुरू होतात तिथे फणसाच्या सावलीत सातेरी मधमाश्यांच्या, आठ-आठ फ्रेमच्या (पोळं धरणाऱ्या लाकडी चौकटींच्या) चार पेट्या. बागेचं काका बघतात, पेट्या काकी सांभाळतात. महाशिवरात्रीच्या सुमारास काकींनी मला बोलावलं तेव्हा त्यांचा बेत ठरलेला होता. दोन पेट्या जोरात आहेत, दोन हलक्या. जोरातल्यांच्या दोन-दोन पिल्लांच्या फ्रेम काढून हलक्यांना द्यायच्या, म्हणजे चारही सारख्या होतील आणि शिमग्यानंतर चारींवर सुपर, म्हणजे मधासाठीचा वरचा मजला, चढवता येईल.

असा बेत बहुतेक पेटीवाल्यांच्या मनात येतो. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: हलकी पेटी म्हणजे माश्या कमी असलेली पेटी, बाकी सगळं ठीक. त्या दोन हलक्या पेट्या उघडल्या तेव्हा त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. एकीला मदत हवी होती. दुसरीला दिलेली प्रत्येक फ्रेम वाया गेली असती.

आधी कोकणातल्या वसंताबद्दल थोडं, कारण निर्णय त्यावर उभा आहे. थंड देशांतली मधमाशीपालनाची पुस्तकं वसंत म्हणजे हिवाळ्यातून वसाहत सावरण्याचा काळ धरतात. पुढे सगळा उन्हाळा वाढायला असतो. आपल्याकडे सातेरीचा कठीण काळ म्हणजे जून ते सप्टेंबरचा पावसाळा. पाऊस सरला की वसाहत वाढायला लागते. थंडीत काजू फुलतो, आंबा मोहोरतो, आणि माडाची पोय तर बारा महिने उमलत असते. फाल्गुन-चैत्रात करवंद, अंजनी, जांभूळ, करंज. डोंगराच्या बाजूला पुढे हिरडा. मग मृग. म्हणजे शिमग्याच्या तोंडावर हलकी असलेल्या पेटीच्या हातात जेमतेम तीन महिने असतात. कामकरी माशी अंड्यापासून बाहेर पडायला सुमारे वीस दिवस घेते, त्यानंतर दोन-तीन आठवडे पेटीतच काम करते आणि मग फुलांवर जाते. आज घातलेल्या अंड्यातली माशी मकरंद आणायला लागेपर्यंत सव्वा महिना गेलेला असतो. चार पेट्यांना चार महिने चुचकारत बसण्याइतकी सवड इथे नाही.

पेट्या उघडण्याआधी सकाळी ऊन वर येईपर्यंत नुसतं दारांकडे बघितलं. विहिरीकडच्या पेटीच्या दाराखाली माश्यांचा घड लोंबत होता, आत मावत नसल्यासारखा. गडग्याकडच्या पेटीची ये-जा भरपूर, पण शांत. दर दोन-चार माश्यांमागे एकीच्या पायांना पिवळसर परागाच्या गोळ्या. फणसाच्या बुंध्याजवळच्या पेटीत माश्या थोड्या, तरी पराग घेऊनच आत शिरत होत्या. पाखाडीजवळच्या पेटीवर बुंध्याजवळच्या पेटीपेक्षा जास्त माश्या दिसत होत्या. काकींच्या हिशेबात ती ‘दोन हलक्यांतली बरी’. पण तिथे परागाची गोळी क्वचितच, आणि दारात काळपट, अंगाला चकाकी आलेले नर बसलेले. पिल्लं वाढत असतील तर पराग यायलाच हवा. हलकी पेटी परागाविना दिसली की आत काहीतरी बिनसलेलं आहे असंच धरून उघडावं.

उघडल्यावर पहिलं काम फ्रेम मोजण्याचं नव्हे, रोग बघण्याचं. थाई सॅकब्रूड या विषाणूने 1991-92 मध्ये दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती फार मोठ्या प्रमाणावर मारल्या, आणि एका पेटीतली फ्रेम दुसरीत टाकणं हा तो पसरवण्याचा सोपा रस्ता आहे. खूण अशी: मोठी झालेली अळी पोळ्यातल्या आपल्या घरात पाठीवर ताणून पडलेली, डोकं वर उचललेलं, बऱ्याचदा घराचं झाकण माश्यांनी काढून टाकलेलं. चिमट्याने ओढली तर ती पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अख्खी बाहेर येते. त्यावर औषध नाही. अशी एक जरी पेटी आगरात असती तर फ्रेमची देवाणघेवाण हा विषयच बंद झाला असता आणि त्या पेटीची हत्यारंही वेगळी ठेवावी लागली असती. चारही पेट्यांतल्या पिल्लांच्या फ्रेम उजेडाकडे धरून बघितल्या. अळ्या मोत्यासारख्या पांढऱ्या, घराच्या तळाशी वेटोळं करून पडलेल्या. तेवढी खात्री झाल्यावर पुढचं बोलणं सुरू झालं.

विहिरीकडची पेटी आठही फ्रेम भरलेली. पिल्लांच्या पोळ्यांच्या खालच्या कडांना नरांची घरं, आणि त्यांच्या टोपीवर मधोमध टाचणीने टोचल्यासारखं बारीक छिद्र. सातेरीच्या नरघराची ती ओळखच आहे. पण खरी बातमी दोन फ्रेमच्या खालच्या काठाला लटकत होती: शेंगदाण्याएवढी राणीघरं, तोंड जमिनीकडे, आत दुधाळ रसात अळी. ही पेटी फुटायच्या तयारीला लागली होती. घरं बंद झाली की एखाद्या सकाळी जुनी राणी अर्ध्याअधिक माश्या घेऊन निघाली असती, आणि त्या समोरच्या माडाच्या शेंड्यावर बसल्या की कुणाच्या हाती लागत नाहीत.

गडग्याकडच्या पेटीत सात फ्रेमवर माश्या, राणीघर एकही नाही, कडांना नवं पांढरं मेण. हिच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, आणि तेच तिचं मोठेपण.

बुंध्याजवळच्या पेटीत चारच फ्रेम झाकलेल्या. ही वसाहत काकांनी मार्गशीर्षात एका जुन्या बांधाच्या पोकळीतून काढून पेटीत बसवलेली. पिल्लांची जागा तळहाताएवढी, पण सलग. प्रत्येक घरात एकच अंडं, बरोबर तळाच्या मध्यावर उभं. त्याच्या भोवती अळ्या, मग टोपी लावून बंद केलेली पिल्लं, मग पराग, मग मध. राणी उत्तम. तिला अंडी घालायला जागा आहे, पण ती पिल्लं झाकून ऊब द्यायला, भरवायला माश्या कमी म्हणून तिने हात आखडता घेतलेला. अशा पेटीला दिलेली मदत दामदुपटीने परत येते.

आणि पाखाडीजवळची. हिच्या फ्रेम हातात घेऊन बराच वेळ बघाव्या लागल्या, कारण वरवर पिल्लं होती. पण बंद घरं विखुरलेली, कामकरी माशीच्या लहान घरांवर फुगीर टोप्या, एक इथे, तीन तिथे, मध्ये रिकामी घरं. फ्रेम सूर्याकडे पाठ करून धरली आणि घरांच्या आत बघितलं तर एका घरात दोन अंडी, दुसऱ्यात तीन, आणि ती तळाला नव्हे, भिंतींना चिकटवलेली. राणीचं पोट लांब असतं, ती तळापर्यंत पोचते. कामकरीचं पोचत नाही. राणी केव्हाच गेली होती आणि कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या होत्या. त्यांचा नराशी समागम होत नसल्यामुळे त्या अंड्यांतून फक्त नर निघतात. दारातले ते काळपट, तुळतुळीत नर आणि परागाचा अभाव या दोन्हींचं उत्तर इथे होतं. सातेरीत राणी गेल्यावर हा प्रकार फार लवकर सुरू होतो, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणण्यात पेटी हातची जाते.

काकींना हे पटायला वेळ लागला. ‘अरे पण माशा कितीतरी आहेत हिच्यात. त्या बारकीपेक्षा हिलाच फ्रेम दे, ही लवकर उठेल.’ त्यांच्या हातात फ्रेम दिली आणि त्या दोन-तीन अंड्यांच्या घरांवर बोट ठेवलं. चष्मा पुसून त्यांनी बघितलं, मग बुंध्याजवळच्या पेटीतली फ्रेम मागून घेतली आणि दोन्ही शेजारी धरून बघितल्या. पुढे ‘जोर द्यायचा’ हा शब्द त्यांनी पाखाडीजवळच्या पेटीबद्दल वापरला नाही.

अंडी घालणाऱ्या कामकरी असलेल्या पेटीत नवी राणी सोडली तर बहुतेक वेळा माश्या तिला मारतात. दुसरा उपाय म्हणजे दुसऱ्या पेटीतली ताज्या अंड्यांची फ्रेम आठवड्या-आठवड्याला देत राहायची. पिल्लांच्या वासाने कामकरींचं अंडी घालणं हळूहळू बंद पडतं आणि मग त्या राणीघर बांधतात. तो रस्ता खरा आहे, पण त्यात चांगल्या पेटीच्या तीन-चार फ्रेम खर्ची पडतात आणि राणी अंड्यावर येईपर्यंत वैशाख लागतो. माझं मत स्पष्ट होतं: ही पेटी मोडायची. माश्या वाचवायच्या, पेटी नाही.

काकी म्हणाल्या, ‘जित्या माशांची पेटी मोडायची म्हणजे जिवावर येतं.’ येतंच. चार पेट्या आहेत असं सांगण्यात आणि तीन आहेत असं सांगण्यात फरक वाटतो. पण राणी नसलेली पेटी संख्येत धरणं हाच मुळात चुकीचा हिशेब आहे.

प्रत्यक्ष काम असं झालं. पाखाडीजवळच्या पेटीच्या लगतची शेजारीण गडग्याकडची, म्हणजे जोरातली पेटी. हे फार सोयीचं होतं. शेजारी बुंध्याजवळची असती तर अंडी घालणाऱ्या कामकरी तिच्यात शिरून त्या चांगल्या राणीच्या जिवावर उठल्या असत्या. काजूचा मकरंद भरपूर येत होता, अशा दिवसांत पहारेकरी माश्या परक्यांना फार अडवत नाहीत, शिवाय त्या पोट भरून आल्या असतील तर नाहीच. भर सकाळी पेटी जागेवरून उचलून आगराच्या दुसऱ्या टोकाला नेली, जुन्या धोतरावर सगळ्या फ्रेम झटकल्या, आणि पेटी व तिचा स्टँड दोन्ही हलवून टाकले. माश्या उडून जुन्या जागी आल्या, थोडा वेळ घिरट्या घातल्या आणि मग गडग्याकडच्या दारावर रांगा लागल्या. त्या दाराशी हलका धूर दिलेला होता. थोडी झटापट झाली, फार नाही. नरांची पोळी आणि काळी जुनी पोळी त्याच दिवशी वितळवून मेण केलं. काळी पोळी ‘पुढे उपयोगी पडतील’ म्हणून ठेवली की कोकणातल्या दमट हवेत पोळी खाणारा मेणकिडा आधी तिथेच वस्ती करतो.

बुंध्याजवळच्या पेटीला विहिरीकडच्या पेटीतली एकच फ्रेम दिली. बंद पिल्लांची, त्यातही टोप्या गडद झालेल्या आणि काही ठिकाणी माश्या कुरतडून बाहेर यायला लागलेल्या. त्यावरच्या माश्या हलक्या ब्रशने आपल्याच पेटीत पाडल्या, राणी तिच्यावर नाही हे दोनदा बघितलं आणि फ्रेम पिल्लांच्या शेजारी लावली. काकींना दोन द्यायच्या होत्या. दोन दिल्या असत्या तर माश्यांना एक झाकता आली असती, दुसरी उघडी पडली असती. थंड प्रदेशात उघडी पिल्लं मुख्यतः गारठ्याने मरतात. इथे किनाऱ्यावर गारठ्यापेक्षा मेणकिडा आणि मुंग्या आधी पोचतात. अंडी-अळ्यांची फ्रेमही मुद्दाम टाळली. ती दिली तर आधीच थकलेल्या माश्यांवर भरवण्याचं काम वाढतं. पिकलेल्या बंद पिल्लांना भरवावं लागत नाही, फक्त झाकावं लागतं, आणि आठवड्यात त्यातून शेकडो तरुण माश्या बाहेर पडतात. पाचव्या फ्रेमनंतर फळी लावून उरलेली जागा बंद केली, दार बोटभर अरुंद केलं, स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी भरलं. या पेटीला सुपर नाही, मध नाही. यंदा तिने फक्त वाढायचं.

साखरपाण्याबद्दल एवढंच: काकी चारही पेट्यांना देत होत्या, ते जोरातल्या पेट्यांचं बंद केलं. बाहेर फुलं असताना आणि सुपर चढवायचा असताना साखर दिली तर ती मधात जाते, आणि तो मध मध राहत नाही. बुंध्याजवळच्या पेटीला पहिले थोडे दिवस दिलं, तेही दिवे लागल्यावर, पेटीच्या आत, थेंब न सांडता. दिवसा दिलं तर शेजारणी लुटायला येतात. प्यायच्या पाण्यासाठी मात्र विहिरीजवळ करवंट्यांत खडे घालून पाणी ठेवायला सुरुवात केली.

आता विहिरीकडची. राणीघरं मोडून टाकली तर माश्या चार दिवसांत पुन्हा बांधतात, आणि एखादं नजरेतून सुटलं तर पेटी फुटतेच. नुसती जागा वाढवण्याची वेळ टळली होती. म्हणून वाटणी केली. जुनी राणी तीन फ्रेमसह, पिल्लं आणि मध दोन्ही असलेल्या, मोडलेल्या पेटीच्या स्वच्छ केलेल्या खोक्यात ठेवून आगराच्या लांबच्या टोकाला नेली, आणि आणखी एका फ्रेमवरच्या तरुण माश्या तिच्यात झटकल्या. फुलांवर जाणाऱ्या माश्या जुन्या जागीच परत जाणार, हे धरूनच नव्या पेटीत माश्या जास्त घालाव्या लागतात. जुन्या जागी चार फ्रेम राहिल्या आणि त्यातलं सर्वांत लांब, खडबडीत पाठीचं एकच राणीघर, बाकीची कापली. सातेरीत चार-पाच घरं ठेवली तर एकामागून एक राण्या निघतात आणि दर वेळी थोडा थवा घेऊन जातात. शेवटी पेटीत मूठभर माश्या उरतात.

वाटणी केली की त्या पेटीचा मध कमी होतो, हे काकींना आधीच सांगितलं. एक भरलेली पेटी जेवढा मध आणते तेवढा तिच्या दोन अर्ध्या मिळून आणत नाहीत. म्हणूनच गडग्याकडच्या पेटीला वाटण्यासाठी हात लावला नाही. तिच्यात राणीघर नव्हतं, त्यात पाखाडीच्या माश्यांची भर पडली होती. तिच्यावर सुपर चढवला आणि तिला तिचं काम करू दिलं.

एक बाब पेट्यांबाहेरची. वरच्या कलमांवर शेजाऱ्यांची तुडतुड्यांसाठी फवारणी चालू होती, आणि फणसाखाली काही माश्या जीभ बाहेर काढून मेलेल्या दिसल्या. काका जाऊन बोलले. मोहोर उमललेला असताना फवारणी टाळावी, आणि करावीच लागली तर सकाळी नऊ ते बारा ही परागीकरणाची वेळ सोडून, दुपार कलल्यावर करावी, एवढंच मागणं होतं. त्यांच्याही कलमांना फळ धरायचं असल्यामुळे ते मान्य झालं आणि आदल्या संध्याकाळी निरोप यायला लागला. पेट्यांच्या बाबतीत यंदाची सगळ्यांत स्वस्त सुधारणा हीच ठरली.

शिमग्याच्या पालख्या येऊन गेल्यावर विहिरीकडच्या पेटीतलं राणीघर बघितलं. टोकाचं झाकण गोल कापून बिजागरीवर लोंबत होतं, म्हणजे राणी सुखरूप बाहेर पडली होती. तिला समागमाचं उड्डाण करून अंड्यावर यायला साधारण दोन आठवडे धरावेत. पाडवा आला, अंडं नाही. पिल्लांची घरं चकचकीत साफ, रिकामी, आणि माश्या अस्वस्थ. या दिवसांत तारेवर माश्या टिपणारे वेडे राघू ओळीने बसलेले असतात. उड्डाणाला गेलेली राणी परत न येण्याचं एक कारण तेही असतं. पण अंदाजावर न जाता चाचणी घेतली. लांबच्या पेटीतली, जुन्या राणीची ताज्या अंड्यांची आणि कोवळ्या अळ्यांची फ्रेम इथे लावली. पेटीत राणी असेल तर माश्या त्यातून कामकरीच वाढवतात, नसेल तर एक-दोन दिवसांत त्यातल्या अळ्यांभोवती राणीघरं बांधायला घेतात. तिसऱ्या दिवशी पोळ्याच्या मध्यावर चार राणीघरं होती. राणी नव्हती.

आता दोन रस्ते होते. त्या घरांतून राणी होऊ द्यावी, म्हणजे ती अंड्यावर यायला आणखी महिना, तिच्या पहिल्या माश्या बाहेर पडायला मेचा शेवट, आणि वर मृग. किंवा लांबच्या पेटीतली जुनी राणी परत आणून दोन्ही पुन्हा एक करायच्या. इथे काकींनीच निर्णय दिला: ‘पावसात दोन बारक्या उपाशी ठेवण्यापेक्षा एक धड असू दे.’ राणीघरं मोडली. लांबची पेटी एकदम उचलून आणता आली नसती, माश्या जुन्या जागेवर जाऊन भरकटल्या असत्या. म्हणून ती रोज संध्याकाळी दोन-तीन फूट सरकवत विहिरीपाशी आणली. त्यात पंधरवडा गेला. मधल्या काळात विहिरीकडच्या पेटीत कामकरींनी अंडी घालायला सुरुवात करू नये म्हणून लांबच्या पेटीतली अळ्यांची आणखी एक फ्रेम दिली आणि तिच्यावरची राणीघरंही वेळेवर कापली. मग संध्याकाळी विहिरीकडच्या खोक्यावर वर्तमानपत्राचा एक कागद, त्याला सुईने पाच-सहा भोकं, आणि त्यावर राणीची पेटी. कागद कुरतडून होईपर्यंत दोन्हींचा वास एक होतो आणि मारामारी होत नाही. तिसऱ्या दिवशी दारात कागदाचा भुसा पडलेला दिसला.

करंज फुलला तोवर बुंध्याजवळच्या पेटीत सहा फ्रेम झाकलेल्या होत्या, फळी काढून टाकलेली. गडग्याकडच्या सुपरमधल्या ज्या फ्रेम तीन-चतुर्थांशाहून जास्त बंद झाल्या होत्या तेवढ्याच काढल्या, आणि मेमध्ये आलेला मध काढलाच नाही. तो पावसातला शिधा. विहिरीकडची जुन्या राणीवर सात फ्रेमची झाली, सुपरमध्ये मात्र फारसं काही नाही. मृगाच्या आधी तिन्ही पेट्या पडवीच्या पागोळ्यांपासून दूर, झावळ्यांच्या आडोशाला घेतल्या आणि छपरांवर जांभा दगड ठेवले. पाऊस सरल्यावर पुन्हा वाढ सुरू होईल तेव्हा विहिरीकडच्या पेटीची राणी बदलायची आहे, आणि नवी राणी गडग्याकडच्या वसाहतीतून घ्यायची असं काकींनी वहीत लिहून ठेवलं आहे.